चाकाची घरघर : बंडीपासून बोलेरोपर्यंत

चाकातून येणारी घरघर हा वाहनाचा सर्वांत जुना दोष आहे. फिरणारे चाक आणि स्थिर आस यांच्यामध्ये वंगण असेपर्यंत वाहन बिनबोभाट चालते. वंगण आटले, त्यात माती शिरली किंवा मधला भाग झिजला की धातूवर धातू घासू लागतो आणि आवाज सुरू होतो. लाकडी चाकाच्या बंडीत हेच घडत होते आणि आज घरातली आठ-नऊ माणसे घेऊन निघालेल्या बोलेरो किंवा स्कॉर्पिओतही हेच घडते. दीडशे वर्षांत आवाजाचे उगमस्थान बदलले, तो शोधणारा कारागीर बदलला आणि उपायही बदलला. आवाज कधी येतो, कशाने वाढतो आणि कशाने थांबतो हे क्रमाने तपासण्याची रीत मात्र टिकून राहिली.

हा बदल पाहण्यासाठी वाशीम जिल्ह्यातल्या मंगरूळपीर तालुक्यातील आसेगाव आणि आसपासचा मुलूख सोयीचा आहे. आसेगाव हे पोलीस ठाण्याचे गाव. भोवती काळी कसदार जमीन, मध्येच मुरमाचे माळ आणि पावसाळ्यात भरून वाहणारे नाले. अडाण, अरुणावती आणि पैनगंगा या नद्यांच्या खोऱ्यांतली ही गावे पूर्वापार कापूस, ज्वारी, तूर आणि अलीकडे सोयाबीन पिकवत आली. तालुक्यातल्या बहुतेक गावांना रेल्वे लांब पडते. त्यामुळे माल असो की माणूस, प्रवास चाकावर आणि रस्त्यानेच झाला. काळी माती ओली असताना चाकाला लपेटते, वाळली की दगडासारखी घट्ट होते. मुरमाची धूळ बारीक आणि खरखरीत असते. चाकाच्या मध्यभागाला दोन्ही घातक.

बंडीचे चाक

वऱ्हाडात मालवाहू बैलगाडीला बंडी म्हणतात. माणसांची ने-आण करण्यासाठी रेंगी, दमणी, खासर अशी हलकी वाहने होती. लेकीला सासरी पोचवणे, लग्नाला जाणे, कारंज्याला किंवा पोहरादेवीला दर्शनाला जाणे यासाठी घरची दमणी जुंपली जाई. आज दारात उभ्या असलेल्या मोठ्या गाडीचे काम त्या काळी तिने केले.

चाकाच्या मधला जाड लाकडी गोळा म्हणजे तुंबा. तुंब्यातून आरे निघतात, आऱ्यांवर पुठ्ठे बसतात आणि पुठ्ठ्यांवरून लोखंडी धाव चढते. तुंबा, आरे आणि पुठ्ठे घडवणे सुताराचे काम आणि त्यासाठी बाभळीचे लाकूड वापरले जाई. धाव चढवणे लोहाराचे काम. धाव चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान करायची, गोवऱ्यांच्या जाळात लाल होईपर्यंत तापवायची, प्रसरण पावलेली असतानाच चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचे. थंड होताना लोखंड आकसते आणि सगळे सांधे एकमेकांत आवळले जातात.

घर्षणाची खरी जागा तुंब्याच्या आत होती. तुंब्याच्या भोकात लोखंडी नळी बसवलेली असे आणि ती आसाच्या टोकावर फिरे. चाक निसटू नये म्हणून आसाच्या टोकाला खीळ. नळी आणि आस यांच्यामध्ये वंगण भरत. एरंडेल तेलात जाळलेल्या चिंध्यांची काळी राख कालवून ते घरीच तयार होई. लांबच्या प्रवासाला निघताना वंगणाचे नळकांडे बंडीखाली टांगलेले असे.

चाकाच्या आवाजाचे निदान इथूनच सुरू होते. कोरडे चाक कुरकुरते आणि वंगण घातले की गप्प होते. भोक झिजलेले चाक मात्र वंगण घालूनही खडखडते आणि चालताना डोलते. पहिल्या दोषावर उपाय शेतकऱ्याच्याच हातात होता, दुसऱ्यासाठी सुताराकडे जावे लागे. कोणता दोष आहे हे ठरवण्यासाठी बंडीला टेकू देऊन चाक अधांतरी करायचे, वरून आणि खालून धरून हलवायचे आणि मग हाताने फिरवून पाहायचे. हलले तर झीज, नुसते जड फिरले तर कोरडेपणा. जॅकवर गाडी चढवून मिस्त्री आज जी पहिली परीक्षा घेतो ती हीच.

या दुरुस्तीची आर्थिक घडीही वेगळी होती. सुतार आणि लोहार बलुतेदार होते. वर्षभराच्या कामाचा मोबदला त्यांना सुगीत धान्याच्या रूपाने मिळे. दर कामाला वेगळे पैसे नसल्यामुळे चाक मोडण्याआधीच सांभाळणे कारागिराच्याही हिताचे होते. रोख मजुरीवर चालणाऱ्या गॅरेजमध्ये ही घडी उलटली. तिथे काम निघते ते बिघाड झाल्यावर. वेळेवर देखभाल करण्याची जबाबदारी कारागिराकडून सरकून मालकाकडे आली आणि पुष्कळदा ती त्याच्याही ध्यानात राहिली नाही.

कापूस, जिन आणि फिटर

1853 च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिले. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाची मागणी एकदम वाढली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे 1867 मध्ये नागपूरला पोचली. तिचा मार्ग वऱ्हाडच्या सपाट खोऱ्यातून अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा असा गेला, तर त्या वेळचा बाशीम जिल्हा दक्षिणेच्या पठारावर राहिला. पठारावरचा कापूस बंड्यांनी घाट उतरून खाली जाई. कारंजा ही या भागातली मोठी पेठ. 1886 मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकमाने तिथे नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला आणि भारतातला तो पहिला नियंत्रित बाजार मानला जातो. पुढे 1897 मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदाही झाला. हंगामात बंड्यांच्या रांगा अशा पेठांच्या वाटेला लागत आणि प्रत्येक बंडीला चाकांची देखभाल लागे.

याच व्यापाराने वऱ्हाडात जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आणले आणि त्यांच्याबरोबर एक नवा कारागीर आला, तो फिटर. वाफेच्या इंजिनाची ताकद लांबलचक शाफ्टवरून पट्ट्यांच्या साहाय्याने एकेका जिनाला मिळे. शाफ्ट ज्या आधारांवर फिरे, ते बेअरिंग तापले किंवा घासू लागले तर सबंध कारखाना थांबे आणि कापसाच्या गंजीशेजारी ठिणगी पडण्याची भीतीही असे. बेअरिंगवर तळहात ठेवून उष्णता पाहणे, लोखंडी सळईचे एक टोक बेअरिंगला आणि दुसरे कानाला लावून आतला आवाज ऐकणे, ही फिटरची रोजची तपासणी. मोटार मिस्त्री आजही लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावतो. ही रीत मोटारीच्या आधीपासून, अशा यंत्रशाळांत रुळलेली आहे.

बेअरिंगच्या इतिहासातले दोन महत्त्वाचे टप्पेही बग्गी आणि कापूस यांच्याशीच जोडलेले आहेत. अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात हेन्री टिमकेन घोडागाड्या बनवत असे. वळणावर चाकाला बाजूने जो दाब बसतो तो पेलण्यासाठी त्याने निमुळत्या रोलरचे बेअरिंग तयार केले आणि 1898 मध्ये त्याचे पेटंट मिळाले. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग इथे स्वेन विंगक्विस्ट हा कापड गिरणीत देखभालीचा अभियंता होता. गिरणीखालची चिकणमाती खचत असे, शाफ्ट वाकडे होत आणि बेअरिंग वारंवार बिघडत. त्यावर त्याने शाफ्टच्या कलाबरोबर आपोआप जुळवून घेणारे दुहेरी गोळ्यांचे बेअरिंग शोधले आणि 1907 मध्ये एसकेएफ ही कंपनी उभी राहिली. त्याच कंपनीच्या भारतीय शाखेची स्थापना 1961 मध्ये झाली आणि तिचा कारखाना पुण्याजवळ चिंचवडला आला.

शेतात बेअरिंग आले ते रबरी टायरच्या बैलगाडीतून. डनलॉप या नावाने महाराष्ट्रभर ओळखली जाणारी ही गाडी जास्त माल कमी श्रमात ओढते, कारण तिची चाके बेअरिंगवर फिरतात. एरंडेलाच्या वंगणाची जागा डब्यातल्या ग्रीसने घेतली आणि हब उघडणे, बेअरिंग धुणे, ग्रीस भरून परत बसवणे हे काम खेड्यातल्या माणसाला मोटारीच्या आधीच ठाऊक झाले.

जीप आणि आगार

खेड्याला जवळून पाहायला मिळालेली पहिली मोटार बहुतेक ठिकाणी जीप होती. 1945 मध्ये स्थापन झालेल्या आणि पुढे महिंद्र अँड महिंद्र या नावाने ओळखल्या गेलेल्या कंपनीने 1947 पासून विलीज जीपचे सुटे भाग आणून गाड्या जोडायला सुरुवात केली. 2 ऑक्टोबर 1952 ला सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला आणि 1 मे 1962 पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा व पंचायत समित्या कामाला लागल्या. गटविकास अधिकारी, तहसीलदार, हिवताप निर्मूलनाचे पथक, पोलीस या सगळ्यांची जीप मुरमाच्या वाटेने गावात येऊ लागली.

जीपने घरघरीच्या जागा वाढवल्या. बंडीत घर्षणाची जागा चाकाच्या मध्यभागी एकच. जीपमध्ये गिअरबॉक्स, पुढच्या चाकांना ताकद देणारा ट्रान्सफर केस, पुढचे आणि मागचे असे दोन डिफरन्शियल, प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस, चार हब आणि चार ब्रेक ड्रम होते. त्यातच जुन्या जीपच्या तीन गिअरच्या पेटीत पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नव्हता. दोन दात्यांची गती जुळवून मगच ते एकमेकांत बसू देणारी ही रचना 1928 मध्ये कॅडिलॅक मोटारीत प्रथम आली, पण जीपमध्ये ती फक्त वरच्या गिअरांना होती. गाडी चालू असताना पहिला गिअर टाकला की दात करकर वाजत. त्यासाठी चालकांना दोनदा क्लच दाबून मध्ये किंचित रेस देण्याची रीत शिकावी लागे. आवाज चालवण्याच्या चुकीतून आला की भाग खराब झाल्यामुळे, हा प्रश्न तेव्हापासून निदानात आला.

एस.टी.चे आगार हे दुरुस्तीच्या ज्ञानाचे दुसरे केंद्र. 1 जून 1948 ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली. विदर्भ त्या वेळी मध्य प्रांतात होता आणि तिथे वेगळी सरकारी वाहतूक सेवा होती. 1961 मध्ये महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ स्थापन झाले आणि विदर्भाची वाहतूकही त्याच्याकडे आली. वाशीम, मंगरूळपीर, कारंजा आणि रिसोड ही आगारे अकोला विभागात आहेत. आगारात देखभाल वेळापत्रकाने होते : ठरावीक किलोमीटर झाले की ग्रीस, ठरावीक मुदतीला हब उघडणे, ब्रेक लायनर मोजणे. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने तरुणांना अशा कार्यशाळांत शिकण्याची वाट मिळाली. आयटीआयमधला मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम तिला पूरक ठरला. सरकारी जीप, एस.टी. आणि विहिरीवरची डिझेल इंजिने यांवर हात बसलेल्या माणसांनी रस्त्याकडेला स्वतःची गॅरेज टाकली. शिकणारा पोऱ्या आधी पाने ओळखायचा, मग बेअरिंग धुवायचा, मग ग्रीस भरायचा आणि आवाज ऐकून दोष सांगण्याचा मान त्याला सगळ्यांत शेवटी मिळायचा.

काळी-पिवळी ते घरची गाडी

1990 नंतरच्या दशकात ग्रामीण विदर्भात काळी-पिवळीचे, म्हणजे भाड्याच्या प्रवासी गाड्यांचे, राज्य आले. महिंद्रची कमांडर, बजाज टेम्पोची ट्रॅक्स आणि 1994 मध्ये आलेली टाटा सुमो या गाड्या एस.टी. जात नव्हती तिथे जाऊ लागल्या. काळी-पिवळीत बसण्याच्या जागेपेक्षा कितीतरी जास्त माणसे भरली जात आणि त्याचा भार थेट चाकांच्या बेअरिंगवर येई.

या भाराचे गणित निष्ठुर आहे. लुंडबर्ग आणि पाल्मग्रेन यांनी 1947 मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार गोळ्यांच्या बेअरिंगचे आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. भार दुप्पट झाला तर आयुष्य आठव्या हिश्श्यावर येते. रोलर बेअरिंगच्या बाबतीत ते साधारण दहाव्या हिश्श्यापर्यंत घसरते. चाळीस हजार किलोमीटर चालायला हवे ते बेअरिंग चार-पाच हजारांत घरघरू लागले, तर त्यात नशिबाचा दोष नसतो.

1 जुलै 1998 ला अकोल्यातून वेगळा होऊन वाशीम जिल्हा झाला आणि गाड्यांवर एमएच-37 हा क्रमांक आला. 2000 मध्ये बोलेरो आणि 2002 मध्ये नाशिकमध्ये घडलेली स्कॉर्पिओ बाजारात आली. शेतकरी, कंत्राटदार आणि शिक्षक यांच्या घरी या गाड्या आल्या आणि मोठी गाडी भाड्याच्या वाहनाऐवजी कुटुंबाचे वाहन झाली. भाड्याच्या गाडीचा चालक रोज तीच गाडी चालवतो, म्हणून थोडाही वेगळा आवाज त्याच्या लक्षात येतो. घरच्या गाडीत काचा बंद असतात, गाणी चालू असतात आणि चालवणारेही बदलत राहतात. त्यामुळे घरघर लक्षात येते तोवर ती बरीच पुढे गेलेली असते.

आवाज ओळखण्याची रीत

अनुभवी मिस्त्री गाडी उघडण्याआधी प्रश्न विचारतो. पहिला प्रश्न असतो, गाडी उभी असताना आवाज येतो का? येत असेल तर चाके निर्दोष ठरतात आणि शोध इंजिन, क्लच व गिअरबॉक्स एवढ्यापुरता राहतो. रेस वाढवल्यावर आवाज वाढला तर अल्टरनेटर किंवा पाण्याच्या पंपाचे बेअरिंग संशयित ठरते. पट्टा काढून इंजिन क्षणभर चालवले आणि आवाज थांबला की संशय खरा. न्यूट्रलमध्ये येणारा आवाज क्लच दाबताच थांबत असेल तर दोष गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टच्या बेअरिंगमध्ये असतो. उलट क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर क्लचचे रिलीज बेअरिंग गेलेले असते.

दुसरा प्रश्न ब्रेकचा. ब्रेक दाबताच खर्र असा आवाज येत असेल तर पॅड संपून त्यांची लोखंडी पाठ डिस्कवर घासत आहे असे समजावे. मागच्या ड्रममध्ये लायनर झिजून शूचे लोखंड उघडे पडले तरी हाच प्रकार होतो. अशा गाडीने पुढचा प्रवास करू नये. डिस्कवर खोल चरे पडले असतील तर नुसते पॅड बदलून भागत नाही, डिस्कही बदलावी लागते. ब्रेक उघडताना तिथली धूळ हवेने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो आणि तो फुप्फुसाला कायमची इजा करतो. ओल्या फडक्याने ती पुसून घेणे सुरक्षित.

आसेगावसारख्या भागात एक सोपे कारण आधी पाहावे लागते. डिस्कच्या मागे पातळ पत्र्याचे झाकण असते. त्या पत्र्यात आणि डिस्कमध्ये गिट्टीचा खडा अडकला किंवा चिखल वाळून बसला की गाडी चालताना सतत कर्कश घासल्याचा आवाज येतो. थोडे मागे-पुढे केल्यावर खडा पडून आवाज थांबतो. पत्रा वाकला असेल तर हाताने बाहेर ओढून सरळ करता येतो. एवढ्याशा गोष्टीपायी बेअरिंग बदलले जाऊ नये म्हणून ही तपासणी आधी करायची.

तिसरा प्रश्न वेगाचा आणि वळणाचा. चाकाचे बेअरिंग खराब होऊ लागले की चाळीस-पन्नासच्या वेगाला गुणगुण सुरू होते आणि वेगाबरोबर चढत जाते. गिअर बदलला किंवा क्लच दाबला तरी तिच्यात फरक पडत नाही. मोकळ्या रस्त्यावर गाडी हलकेच उजवीकडे वळवली की भार डाव्या चाकांवर जातो. त्या वेळी आवाज वाढला तर बिघाड बहुधा डाव्या बाजूला, डावीकडे वळताना वाढला तर उजव्या बाजूला. टायर असमान झिजले तरी असाच आवाज येतो. पुढचे टायर मागे टाकले आणि आवाजाची जागा बदलली, तर दोषी टायर.

चौथा प्रश्न ताकदीचा. ॲक्सिलरेटर दाबल्यावर येणारा आणि सोडल्यावर बदलणारा सूर डिफरन्शियलच्या क्राऊन-पिनियनकडे बोट दाखवतो. निघताना किंवा गिअर टाकताना खट्ट असा ठोका प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसचा असू शकतो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत स्टिअरिंग पूर्ण वळवून निघताना कटकट आली तर बाहेरचा सीव्ही जॉइंट तपासावा. बहुतेक वेळा त्याचा रबरी बूट फाटून ग्रीस बाहेर गेलेले असते.

यानंतर जॅक लागतो. गाडी सपाट जागी उभी करून इतर चाकांना ओट लावायची, जॅकच्या जोडीला पक्का ठोकळा ठेवायचा आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणी जायचे नाही. चाक वर-खाली धरून हलवले आणि ते डुलले तर बेअरिंग सैल किंवा झिजलेले. एक हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवून दुसऱ्या हाताने चाक फिरवले तर खराब बेअरिंगची खरखर स्प्रिंगमधून बोटांना जाणवते. कानाला चकवणारा आवाज पुष्कळदा बोटांना सापडतो.

ग्रीस भरण्यापासून भाग बदलण्यापर्यंत

जीपच्या काळात बेअरिंगची दुरुस्ती म्हणजे बहुतांशी सेवा होती. हब उघडून जुने ग्रीस काढायचे, रोलर रॉकेलमध्ये धुवायचे, उजेडात एकेक रोलर फिरवून त्यावर खड्डे किंवा निळसर डाग आहेत का पाहायचे. डाग म्हणजे जास्त तापल्याची खूण. बेअरिंग चांगले असेल तर तळहातावर ग्रीस घेऊन रोलरांच्या फटींत दाबून भरायचे, नवे सील बसवायचे, चाक फिरवत नट आवळायचा, मग किंचित सैल करून लॉक करायचा. निमुळत्या रोलरचे बेअरिंग जास्त आवळले तर तापते, सैल राहिले तर खडखडते. दोन्हींच्या मधली नेमकी जागा हाताला कळण्यातच कारागिरी होती.

पावसाळा या कामाचा मोठा शत्रू. धावून तापलेले हब नाल्याच्या थंड पाण्यात बुडाले की आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेने पाणी आत ओढले जाते. ग्रीस ताकासारखे पांढुरके होते, गंज धरतो आणि पुढच्या महिन्या-दोन महिन्यांत घरघर सुरू होते. पाण्यातून गाडी गेली की हब उघडून ग्रीस बदलण्याचा जीपच्या देखभालीतला नियम याच कारणासाठी होता. काळ्या मातीच्या मुलखात तो पाळणाऱ्याचे बेअरिंग वर्षानुवर्षे टिके.

अलीकडच्या बहुतेक कौटुंबिक गाड्यांत बेअरिंग सीलबंद असते. काही गाड्यांत हब आणि बेअरिंग मिळून एकच संच येतो. त्यात ग्रीस भरता येत नाही, नट सैल-घट्ट करून जुळवणी होत नाही, बिघडले की संच बदलायचा. त्यामुळे देखभाल कमी झाली आणि बसवण्याची अचूकता महत्त्वाची ठरली. दाबून बसवायचे बेअरिंग घणाने ठोकले, किंवा प्रेसवर चढवताना दाब चुकीच्या कडीवर दिला, तर तो गोळ्यांतून जातो आणि गोळ्यांच्या वाटेवर सूक्ष्म खड्डे पडतात. असे कोरे बेअरिंग काही दिवसांतच गुणगुणू लागते आणि दोष मालाला दिला जातो. हबमध्ये बसवताना दाब बाहेरच्या कडीवर आणि आसावर चढवताना आतल्या कडीवर द्यायचा, हा नियम म्हणून मोलाचा. ठरावीक जोराने नट आवळणारा टॉर्क पानाही आता गॅरेजची गरज झाला आहे.

1 एप्रिल 2019 पासून देशात विकल्या जाणाऱ्या सर्व नव्या मोटारींना एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचा झाला आणि बेअरिंगच्या कामात आणखी एक बारकावा आला. अनेक बेअरिंगांच्या एका बाजूच्या सीलमध्ये चुंबकीय पट्टी असते आणि चाकाचा वेग मोजणारा सेन्सर ती वाचतो. बेअरिंग उलटे बसले तर घरघर थांबते, पण डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा पेटतो.

स्कॅनर, समृद्धी आणि कान

स्कॅनर गाडीच्या संगणकात नोंदलेले बिघाड वाचतो. इंधन, हवा, धूर, सेन्सर यांचे दोष त्यात दिसतात. झिजलेले पॅड, कोरडे बेअरिंग किंवा क्राऊन-पिनियनची झीज यांची नोंद सहसा कुठेच होत नाही, कारण तिथे ती टिपणारा सेन्सर नसतो. म्हणून यंत्रसामग्री कितीही आधुनिक झाली तरी घरघरीच्या बाबतीत चाचणी फेरी, जॅक, हात आणि कान यांना पर्याय झालेला नाही.

रस्ते बदलले तसे आवाज लक्षात येण्याचे प्रसंगही बदलले. पूर्वी खडबडीत रस्त्याच्या खडखडाटात बेअरिंगचा सूर दबून जाई. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा 11 डिसेंबर 2022 ला खुला झाला. तो वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा, मंगरूळपीर आणि मालेगाव तालुक्यांतून जातो. गुळगुळीत काँक्रीटवर तासन् तास एकाच वेगाने धावताना चाकातली बारीक गुणगुणही ऐकू येते. त्याच वेळी धोकाही वाढतो. खेड्याच्या वाटेवर थांबत-थांबत चालणाऱ्या गाडीच्या बेअरिंगला निवायला वेळ मिळतो. शंभरच्या वेगाला तेच बेअरिंग तापत राहते, ग्रीस पातळ होऊन वाहते, गोळ्यांना धरून ठेवणारा पिंजरा तुटतो आणि चाक जाम होऊ शकते किंवा हबसकट निखळू शकते. लांबच्या प्रवासाआधी घरघरीचा शोध लावणे ही कुटुंबाच्या सुरक्षिततेची बाब झाली आहे.

आसेगावच्या परिसरात आज बंडी, ट्रॅक्टर, काळी-पिवळी आणि घरची मोठी गाडी एकाच रस्त्यावर दिसतात, आणि त्यांच्या दुरुस्तीचे ज्ञानही एका पिढीने दुसरीच्या हाती दिलेले आहे. चाक अधांतरी करून हलवून पाहणे बंडीपासून आले. सळई कानाला लावणे यंत्रशाळेच्या फिटरकडून आले. मुदतीने हब उघडण्याची शिस्त आगारातून आली. वळणावर आवाजाची बाजू ओळखणे जीप आणि सुमोच्या चालकांनी रोजच्या सरावाने पक्के केले. हे ज्ञान बहुतांशी तोंडी आणि हाताने शिकवले गेले, पुस्तकात फार थोडे उतरले. आयटीआयच्या अभ्यासक्रमात या तपासण्यांचा क्रम, त्यांमागचे कारण आणि जुन्या मिस्त्रींचे अनुभव एकत्र मांडले गेले, तर सीलबंद भागांच्या काळातही पुढचा कारागीर नुसता भाग बदलणारा न राहता दोष ओळखणारा राहील.